दफ्तराची भाषा बदलते तेव्हा : उमय्यद आणि अब्बासी

शाईदौत

मी एकतीस वर्षं सरकारी लेखा विभागात काढली. नोकरीला लागले तेव्हा टिपण्या इंग्रजीत लिहायच्या, नंतर हळूहळू मराठी आली. आमच्याकडे एक ज्येष्ठ लेखापाल होते. त्यांनी भर सभेत विचारलं होतं, "पत्रं मराठीत लिहाल हो, पण सस्पेन्स अकाउंटला काय म्हणाल?" कोणीतरी म्हणालं, "निलंबन लेखा." ते गप्प बसले. त्यांचा इंग्रजीवर जीव होता असं नाही. त्यांचं सगळं कसब त्या भाषेत साठलेलं होतं, आणि ते एका बैठकीत निकामी होताना त्यांना दिसत होतं.

हा प्रसंग मला बलाझुरी या नवव्या शतकातल्या अरबी इतिहासकाराची एक हकीकत वाचताना आठवला. इराक अरबांनी जिंकून साठ वर्षं झाली होती, तरी तिथला महसुलाचा हिशेब पर्शियनमध्येच लिहिला जात होता. सिरियात तोच हिशेब ग्रीकमध्ये. राज्य अरबांचं, दफ्तर मात्र जुन्या कारकुनांचं. इराकचा सुभेदार हज्जाज, त्याच्या दफ्तराचा प्रमुख झादान फर्रुख आणि त्याच्या हाताखाली सालिह नावाचा तरुण कारकून. सालिहचा बाप सिजिस्तानच्या युद्धकैद्यांपैकी, म्हणजे हाही मूळचा अरब नव्हे. झादान एका बंडाच्या धामधुमीत मारला गेला आणि जागा सालिहला मिळाली. त्याने हज्जाजला सांगितलं की मी सगळा हिशेब अरबीत करून दाखवतो. झादानचा मुलगा मर्दानशाह त्याच्याकडे आला आणि विचारता झाला, "दहावा आणि विसावा हिस्सा आम्ही एकेका शब्दात लिहितो, तू काय लिहिशील?" सालिह म्हणाला, "उश्र आणि अर्धा उश्र." मग मर्दानशाहने त्याला एक लाख दिरहम देऊ केले, फक्त 'हे काम जमत नाही' एवढंच कबूल करण्यासाठी. सालिहने ते नाकारले. तेव्हा मर्दानशाहने त्याला शाप दिला : जशी तू पर्शियनची मुळं तोडलीस तशी तुझी मुळं या जगातून तुटोत.

साल इ.स. ७०० च्या दोन-तीन वर्षं अलीकडचं. खलिफा अब्द अल-मलिक, घराणं उमय्यद, राजधानी दमास्कस.

उमय्यद (६६१ ते ७५०) म्हणजे ऐषारामी, अधार्मिक, अरबांपुरतं पाहणारे, करबलाचं, म्हणजे प्रेषितांचे नातू हुसेन यांच्या हत्येचं, पाप माथी असलेले. आणि अब्बासी (७५० पासून) म्हणजे बगदाद, विद्या, भाषांतरं, सुवर्णयुग, अशी वाटणी आपण सर्रास वाचतो. करबला (६८०) हा डाग खराच आहे, तो कोणी पुसू नये. पण बाकीच्या वाटणीबद्दल मला मनापासून तक्रार आहे. अब्बासींचं सुवर्णयुग ज्या भाषेत घडलं, ती राज्यकारभाराची, हिशेबाची, नेमक्या गद्याची अरबी उमय्यदांच्या दफ्तरांत तयार झाली. शेवटच्या उमय्यद खलिफाचा चिटणीस अब्द अल-हमीद हा अरबी गद्याचा आद्य लेखक मानला जातो. तो म्हणत असे की सालिहचे कारकुनांवर केवढे उपकार आहेत! आणि पंचतंत्र अरबीत 'कलिला व दिम्ना' म्हणून आणणारा इब्न अल-मुकफ्फा तरुणपणी उमय्यद अधिकाऱ्यांकडेच चिटणीस होता. घराणं बदललं, कारकून तेच राहिले.

आणि उमय्यदांचा इतिहास आपल्यापर्यंत आला तो बहुतेक अब्बासींच्या राज्यात लिहिला गेलेला. बलाझुरी वारला ८९२ मध्ये, तबरी ९२३ मध्ये. शत्रूच्या अमलात, शत्रूच्या दरबाराजवळ लिहिलेलं आपलं चरित्र कुणाच्या वाट्याला आलं तर ते कसं असेल?

जेरुसलेमचा घुमट-ए-सखरा, म्हणजे खडकावरचा घुमट, अब्द अल-मलिकने बांधला. आतल्या सोनेरी लेखात हिजरी ७२ (इ.स. ६९१-९२) हे साल आहे. पुढे अब्बासी खलिफा मामूनने त्या लेखातलं अब्द अल-मलिकचं नाव काढून स्वतःचं घातलं. साल मात्र ७२ च राहिलं. मामून जन्मला ते त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. आज तो लेख वाचणाऱ्याला एका ओळीत सगळं कळतं.

तुम्हाला काय वाटतं? माहिती असणाऱ्यांनी भर घालावी, चुकत असेन तर जरूर सांगावं.

टांकसाळ

धागा आवडला. मी नाण्यांचा अभ्यासक, तेव्हा नाण्यांवरूनच बोलतो. तुम्ही म्हणता ती गोष्ट धातूत अगदी स्पष्ट दिसते.

सुरुवातीची अरब नाणी पाहिली तर चांदीच्या दिरहमवर इराणच्या जुन्या सासानी घराण्यातल्या राजाचं मुकुट घातलेलं डोकं, मागे अग्निवेदी आणि दोन सेवक. फक्त कडेला कुफी लिपीत 'बिस्मिल्लाह'. पश्चिमेला बायझंटाइन नाण्यांच्या नकला. अब्द अल-मलिकने मध्ये दोन-तीन वर्षं स्वतःची उभी, तलवारीवर हात ठेवलेली आकृती असलेली सोन्याची नाणी काढली. तीही सोडून दिली. हिजरी ७७ मध्ये पूर्ण वेगळा दिनार आला : चित्र नाही, खलिफाचं नावही नाही, केवळ अक्षरं. वजन सुमारे सव्वाचार ग्रॅम. दोन वर्षांनी त्याच धर्तीचा दिरहम. मागच्या बाजूला 'अल्लाह एक आहे, त्याने कुणाला जन्म दिला नाही' या अर्थाचा सूरा इखलासमधला मजकूर.

अब्बासी आल्यावर नाण्याचा घाट तोच राहिला. बदलला तो मागचा मधला मजकूर : इखलास गेला आणि 'मुहम्मद अल्लाहचे प्रेषित' आलं. हा बदल साधा नाही. अब्बासींचा सगळा दावा प्रेषितांचे काका अब्बास यांच्या वंशाचे म्हणून होता. क्रांतीचं कारणच त्यांनी नाण्याच्या मधोमध छापलं. आणि मग दुसरा अब्बासी खलिफा मन्सूर याच्याच काळात इराणातल्या रय्य इथल्या दिरहमांवर युवराज महदीचं नाव आलं. उमय्यदांनी पन्नास वर्षं जे टाळलं होतं ते अब्बासींनी पंधरा वर्षांच्या आत केलं. त्या हिशेबाने ऐषारामी, राजेशाही मिरवणारे नक्की कोण, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

अवांतर : इंग्लंडमधल्या मर्सियाचा राजा ऑफा याने मन्सूरच्या हिजरी १५७ च्या दिनारची हुबेहूब नक्कल पाडून घेतली होती. कलमा तसाच, आणि मध्ये रोमन अक्षरांत 'ऑफा रेक्स', तेही अरबीच्या तुलनेत उलटं. कारागिराला अरबी वाचता येत नव्हतं. पण ते नाणं जगात चालतं हे त्याला माहीत होतं.

पूर्वरंग

शाईदौत ताई, लेख उत्तम, पण निष्कर्षाशी सहमत नाही.

दफ्तर अरबी केलं हे खरं. पण त्या दफ्तराच्या यादीत नावं कोणाची होती? सैनिकांच्या पगाराच्या यादीला 'दीवान' म्हणत, आणि त्यात अरबांचा पहिला हक्क. खोरासानचा (पूर्व इराणकडचा), इराकचा माणूस मुसलमान झाला तरी त्याला कुठल्यातरी अरब टोळीचा आश्रित, 'मौला', व्हावं लागे. लढाईत तो बरोबरीने उभा राही, वाटणीच्या वेळी मागे. हज्जाजच्या काळात धर्म बदलून शहरात आलेल्या शेतकऱ्यांना पकडून परत गावी हाकललं, का, तर महसूल बुडतो. त्यांच्या हातावर गावाचं नाव डागल्याच्याही नोंदी आहेत. उमर दुसरा (७१७ ते ७२०) हा एकटा खलिफा, ज्याने नवमुस्लिमांवरचा जिझिया उठवायला सांगितलं. 'अल्लाहने मुहम्मदांना मार्गदर्शक म्हणून पाठवलं, करवसुलीसाठी नाही' असं वाक्य त्याच्या नावावर सांगतात. तो तीन वर्षांतच गेला आणि गाडी पुन्हा जुन्या चाकोरीत.

७४७ मध्ये मर्वजवळ काळे झेंडे उभारले गेले ते उगीच नाही. अब्बासींचा तिथला सेनानी अबू मुस्लिम याच्या मागे आलेल्या लोकांत खेड्यातले अरब होते, इराणी होते, ज्यांचं नाव कुठल्याच यादीत धड नव्हतं असे खूप होते. त्यांच्यासाठी अब्बासी राज्य म्हणजे दार उघडणं होतं. ते उघडलंही. बरमकी कुटुंब बल्खच्या नवबहार या बौद्ध विहाराच्या प्रमुखांचं, आणि तेच वजीर झाले. अरबी व्याकरणाचा पाया घालणारा सिबवैह इराणी. उमय्यद दरबारात असा माणूस चिटणीस झाला असता, वजीर नक्कीच नाही.

शाईदौत

पूर्वरंग, तुमचा मुद्दा मी लेखात कमी लिहिला, ही माझी चूक. हातावर गाव डागल्याची नोंद वाचून मीही बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते. एका कारकुनाने ती गावांची यादी केली असणार, आणि ती यादी सालिहच्याच नव्या अरबीत असणार. हे मान्य करायलाच हवं.

पण 'दार उघडलं' यात थोडी भर. ज्या अबू मुस्लिमने राज्य मिळवून दिलं त्याला मन्सूरने ७५५ मध्ये दरबारात बोलावून मारलं. तीन पिढ्या राज्य चालवणाऱ्या बरमकींना खलिफा हारून अल-रशीदने ८०३ मध्ये एका रात्रीत संपवलं. त्यांच्यातल्या जाफरचं शीर आणि धड बगदादच्या पुलांवर टांगलं होतं. उमय्यदांच्या काळात बाहेरच्याला आत घेत नसत. अब्बासींच्या काळात आत घेत, पण आत आलेला माणूस पूर्णपणे एका माणसाच्या मर्जीवर. टोळी, नातं, पाठीशी उभे राहणारे लोक, काहीच नाही. पडदा, पडद्याआडचा खलिफा, दारावर हाजिब म्हणजे द्वारपाल, बाजूला जल्लाद, हा सगळा थाट सासानी दरबाराचा, आणि तो या नव्या कारकुनांनीच आणला. मर्दानशाहच्या पूर्वजांचं दफ्तर भाषा बदलून परत आलं, असं मला वाटतं.

म्हणून दोघांत चांगला कोण हे ठरवण्यात मला रस नाही. उमय्यदांनी राज्य अरबांचं ठेवलं आणि भाषा सगळ्यांना दिली. अब्बासींनी राज्य सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि मग राजा सगळ्यांपासून दूर गेला. पहिल्याशिवाय दुसरं झालं नसतं, एवढाच माझा आग्रह.

वाळवंटवाट

मी कामानिमित्त अम्मानला चार वर्षं होतो. शहरापासून पूर्वेला दीड तासावर कुसैर अम्रा आहे. उघड्या माळावर उमय्यद काळातलं एक लहानसं दगडी स्नानगृह. बाहेरून पाहिलं तर गाडी थांबवावीशीही वाटणार नाही.

आत गेलो आणि तासभर हललो नाही. भिंतीवर शिकार, गवंडी, सुतार, उंट, नहाणाऱ्या स्त्रिया. एक अस्वल तंतुवाद्य वाजवतंय. एका भिंतीवर सहा राजे हात पुढे करून उभे, काहींची नावं ग्रीक आणि अरबी दोन्हीत : कैसर (रोमी सम्राट), किस्रा (इराणचा शहा), हबशांचा नजाशी, आणि स्पेनचा रॉड्रिक, ज्याचं राज्य अरबांनी ७११ मध्ये घेतलं. गरम पाण्याच्या खोलीच्या घुमटात तारांगण, राशींसकट. काही वर्षांपूर्वी साफसफाई करताना लेख सापडला आणि कळलं की हे वलीद बिन यझीदने युवराज असताना, म्हणजे ७४३ पूर्वी, करवून घेतलं.

हाच वलीद पुढे 'उधळ्या खलिफा' म्हणून बदनाम झाला आणि सव्वा वर्षात मारला गेला. उधळा असेल. पण त्या भिंतीवर कामगार काढलेत. दगड फोडणारा, पाथरवट, चुना कालवणारा, प्रत्येक आपापल्या चौकटीत, छतात. मी स्वतः बांधकामातला माणूस आहे. आमच्या इमारतीत आमची चित्रं कोणी काढत नाही. त्या छताखाली उभं असताना मला वलीदबद्दल फार वाईट बोलवलं नाही.

मिठागर

अलिबागकडचा आहे म्हणून हे लिहितो. या दोन घराण्यांतला फरक आपल्या किनाऱ्यावरून फार नीट दिसतो.

उमय्यद काळात आपल्याकडे आलं ते सैन्य. ७१२ च्या सुमारास हज्जाजने पाठवलेला मुहम्मद बिन कासिम सिंधमध्ये, आणि तिथून पुढे स्वाऱ्या. नवसारीच्या ७३९ च्या ताम्रपटात चालुक्य घराण्यातला अवनिजनाश्रय पुलकेशी सांगतो की ताजिकांचं सैन्य सिंध, कच्छ, सौराष्ट्र तुडवत आलं आणि मी ते परतवलं. ताजिक म्हणजे अरब.

अब्बासी काळात आले ते व्यापारी. बसरा, सिराफ, ओमानहून गलबतं यायची, आपल्या किनाऱ्यावरचं सागवान तिकडे घरांना आणि जहाजांना जायचं. मसूदी हा बगदादचा माणूस हिजरी ३०४ (इ.स. ९१६-१७) मध्ये सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, आला होता. तो लिहितो की इथे दहाएक हजार मुसलमान राहतात : सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे आणि इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला. राजा राष्ट्रकूट, ज्याला अरब 'बल्हरा' म्हणत, वल्लभराज या बिरुदावरून.

आणि पालघरजवळच्या चिंचणीचा शक ८४८ (इ.स. ९२६) चा ताम्रपट! राष्ट्रकूटांचा संजाणचा अधिकारी एक ताजिक, नाव मधुमती, म्हणजे मुहम्मद. त्याने नदीवर फुकट होडी चालवली, अन्नछत्र घातलं, आणि ताम्रपटात ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. संस्कृतात कोरलेलं. दमास्कसच्या फौजेशी लढलेल्या चालुक्यांची जागा घेणाऱ्या राष्ट्रकूटांच्या राज्यात दोनशे वर्षांच्या आत एक अरब मुसलमान आपल्या किनाऱ्याचा कारभारी होता. मी चिंचणीला गेलो की दर वेळी हे आठवतं.

कृष्णाकाठ

सगळे प्रतिसाद वाचनीय. पण बगदादच्या वैभवाबद्दल बोलताना ते कुणाच्या श्रमावर, हे राहून जातंय.

बसऱ्याच्या दलदलीत खारट मातीचा वरचा थर खरवडून जमीन लागवडीखाली आणायचं काम पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून करून घेत. त्यांना झंज म्हणत. ८६९ मध्ये त्यांनी बंड केलं. ते चौदा वर्षं चाललं. त्यांनी स्वतःचं शहर वसवलं, ८७१ मध्ये बसरा लुटलं. खलिफाच्या भावाला, मुवफ्फकला, वर्षानुवर्षं तिथे तळ ठोकावा लागला तेव्हा ८८३ मध्ये ते मोडलं. बंडखोरही कमी क्रूर नव्हते, पण ती माती खरवडणाऱ्याचं आयुष्य काय असेल याचा विचार केला तर राग समजतो.

गायिकांचंही तेच. बगदादच्या दरबारातल्या इनान, अरीब या कवयित्री-गायिका गुलाम म्हणून विकत घेतलेल्या. अरीबच्या हजार गाण्यांची नोंद सांगतात. तिच्या आवाजाची किंमत ठरायची, तिची नाही. दुसरीकडे हारूनची राणी झुबैदा : तिने कुफा ते मक्का वाटेवर विहिरी, तलाव, मुक्कामाच्या जागा बांधल्या, आणि त्या वाटेला आजही 'दर्ब झुबैदा' म्हणतात. एकाच दरबारातल्या या दोन तऱ्हेच्या बायका.

टांकसाळ

कृष्णाकाठ, धन्यवाद. हे लिहायला हवं होतं. एवढंच जोडतो की अब्बासींची तिजोरी खाली करणाऱ्या गोष्टींत हे बंड एक मोठं कारण. दुसरं त्याआधीचं : खलिफा मुअतसिमने विकत घेतलेले तुर्क सैनिक. बगदादच्या लोकांशी त्यांचे खटके उडायला लागले म्हणून त्याने ८३६ मध्ये राजधानीच समर्राला हलवली. ८६१ मध्ये त्याच सैनिकांनी खलिफा मुतवक्किलला मारलं, आणि पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा झाले. ९४५ मध्ये बुवैही हे इराणी घराणं बगदादेत शिरलं, तेव्हापासून खलिफाकडे नाण्यावरचं नाव तेवढं उरलं. १२५८ ला मंगोल आले ते पुष्कळ नंतर.

पहिलाप्रतिसाद

बरीच वर्षं नुसता वाचतो, आज लिहितोय. शाळेत बगदादचं गोल शहर असं चित्र होतं, चार दरवाजे आणि मधे राजवाडा. ते आज कुठे पाहायला मिळतं? दमास्कसची मशीद आणि जेरुसलेमचा घुमट तर अजून उभे आहेत.

शाईदौत

पाहायला मिळत नाही. एक वीटही जागेवर नाही. मन्सूरने ते ७६२ मध्ये सुरू केलं, नाव दिलं मदीनत अस-सलाम, शांतीचं नगर. नौबख्त आणि माशाअल्लाह या ज्योतिषांनी मुहूर्त काढला होता. बसरा, कुफा, खोरासान आणि शाम (सिरिया) अशा चार दिशांना चार दरवाजे, मधोमध राजवाडा आणि मशीद. तैग्रिसच्या पश्चिम काठावर होतं, आज त्यावर आधुनिक बगदाद आहे.

कारण साधं आहे. सिरियात दगड होता, आणि दगड घडवणारे हातही बायझंटाइन काळापासून तयार होते. इराकात नदीचा गाळ. शहर उन्हात वाळवलेल्या विटांचं झालं. पुरात भिजलं, ८१२-१३ च्या भाऊबंदकीच्या वेढ्यात मोडलं, आणि लोकांनी सोयीप्रमाणे विटा नेल्या.

पण एक नोंद आहे. पुढे कधीतरी मुहव्वल दरवाजाजवळची भिंत पाडताना एक वीट निघाली. तिच्यावर गेरूने तिचं वजन लिहिलेलं होतं : ११७ रतल. पाडणाऱ्यांनी ती तराजूत घालून पाहिली. ११७ च भरली.